तुम्ही बंद काय केलंत? : अजाइलच्या मीटअपला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या मीटअपहून परतले तेव्हा माझ्या वहीची अकरा पानं भरली होती. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते, आणि ‘आता आपण अजाइल होणार’ अशी घोषणा आमच्या टीममध्ये नुकतीच झाली होती. अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत करत, वापरणाऱ्यांचं ऐकून बदलत जाण्याची पद्धत. पण आमच्याकडे म्हणजे काय होणार, हे धड कुणालाच सांगता येत नव्हतं. तीन कंपन्यांची माणसं आपापला अनुभव सांगणार आहेत असं कळलं, म्हणून मी गेले. एकानं स्टँडअपबद्दल इतकं मनापासून सांगितलं की मी शब्द न शब्द उतरवून घेतला. रोज सकाळी पंधरा मिनिटं, उभ्यानं, तीन प्रश्न : काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. सोमवारी वही टीम लीडला दाखवली. त्यांनाही पटलं आणि मंगळवारपासून आमचा स्टँडअप सुरू झाला.

दोन आठवड्यांतच त्याची रया गेली. सगळे मॅनेजरकडे बघून बोलायचे. आपली पाळी झाली की मोबाइल बाहेर. माझ्या शेजारी बसणारा सहकारी एका एपीआयवर चार दिवस अडकला होता आणि रोज सकाळी ‘काम चालू आहे’ एवढंच म्हणत होता. मला ते माहीत होतं, कारण त्याचं काम झाल्याशिवाय माझं टेस्टिंग सुरूच होणार नव्हतं. पण ‘अडलंय’ म्हणायची त्याला सोय नव्हती. आज बोललेलं अप्रेझलच्या वेळी निघायचं. आणि रोजचा संध्याकाळचा स्टेटस मेल, आठवड्याची रिव्ह्यू मीटिंग, कामांची एक्सेल शीट, हे सगळं जैसे थे होतं. आमच्या पदरात काय पडलं, तर आणखी एक मीटिंग.

पुढच्या मीटअपला स्टँडअपबद्दल बोललेले तेच वक्ते आले होते. मधल्या सुट्टीत त्यांना गाठलं आणि आमची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “स्टेटस मेल बंद केलात का?” त्यांच्याकडे स्टँडअप सुरू झाला त्याच दिवशी मेल बंद झाला होता आणि पहिले तीन महिने मॅनेजर तिथे फिरकायचेही नाहीत असं ठरलं होतं. “हे स्लाइडवर टाकायचं माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. त्यात त्यांचाही दोष नाही. नवं काय सुरू केलं ते कामांची कार्डं लावायच्या बोर्डवर दिसतं, त्याचा फोटो काढता येतो. बंद केलेलं दिसत नाही, म्हणून ते सांगायचंही राहून जातं.

तेव्हापासून कुठलाही अनुभव ऐकताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे सुरू करताना तुम्ही बंद काय केलंत? तुम्ही नवखे असाल तर एवढा एक प्रश्न बरोबर घेऊन जा, बाकी तयारी थोडी कमी असली तरी चालेल.

तरी थोडी तयारी कराच. अजाइलचा जाहीरनामा जाण्याआधी एकदा वाचून टाका, पाच मिनिटांत वाचून होतो. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी तो लिहिला. त्यात 4 मूल्यं आहेत, जोडीला 12 तत्त्वं. त्यात स्टँडअप नाही, स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) नाही, स्टोरी पॉइंटही (काम केवढं आहे याचे अंदाजी गुण) नाहीत. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चक्रावले, कारण आमच्याकडे अजाइल म्हणजे हेच सगळं होतं. त्याचं पहिलंच वाक्य मात्र मीटअपला जाणाऱ्यानं नीट वाचावं असं आहे. सॉफ्टवेअर करण्याच्या जास्त चांगल्या पद्धती आम्ही शोधतो आहोत, स्वतः ते काम करून आणि दुसऱ्यांना करायला मदत करून, असा त्याचा आशय आहे. सापडल्या असं ते म्हणत नाहीत, शोधतो आहोत म्हणतात. कंपन्यांनी एकमेकींना अनुभव का सांगावेत, याचं उत्तर मला त्यातच मिळालं.

स्प्रिंट आणि रोजची भेट आली ती स्क्रम या टीमनं काम करण्याच्या पद्धतीतून. स्क्रम जाहीरनाम्याच्या आधीचं आहे. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ते 1995 मध्ये एका परिषदेत मांडलं. त्याची अधिकृत मार्गदर्शिका 2010 मध्ये पहिल्यांदा निघाली आणि पुढे अनेकदा सुधारली गेली. मी वहीत उतरवलेले ते तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत. पंधरा मिनिटांची मर्यादा आहे, पण ती भेट डेव्हलपरांची आहे, स्प्रिंटचं ध्येय गाठण्यासाठी आज काय करायचं हे त्यांनी आपसांत ठरवण्यासाठी. (स्क्रममध्ये टेस्टरही ‘डेव्हलपर’च. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) वरच्याला हिशेब देणं हा तिचा उद्देशच नाही. हे मला आधी माहीत असतं, तर आमचे ते दोन आठवडे वाचले असते.

आता ज्या अनुभवामुळे मी दर वेळी जायला लागले, तो सांगते. एका टीमची टेस्टर बोलायला उभी राहिली. तिच्याकडे स्लाइड एकच होती, त्यांच्या बोर्डचा फोटो. ‘टेस्टिंग’च्या रकान्यात जागा उरली नव्हती म्हणून कार्डं एकावर एक चिकटवलेली; काहींचे कोपरे वळलेले, खालच्या कार्डांची अक्षरंही दिसत नव्हती. ‘झालं’च्या रकान्यात दोनच कार्डं. टीममध्ये डेव्हलपर सात आणि टेस्टर दोन. दर स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळं काम या दोघींच्या अंगावर यायचं आणि रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या बैठकीत, दर वेळी ‘टेस्टिंग वेळेत संपवा’ असं लिहिलं जायचं. तो फोटो बघताना मला आमचाच बोर्ड दिसत होता.

त्यांनी केलं ते एवढंच : त्या रकान्याच्या डोक्यावर मार्करनं ‘4’ लिहिलं. चार कार्डं झाली की पाचवं आत ढकलायचं नाही आणि डेव्हलपरनं नवं कामही उचलायचं नाही. आधी साचलेलं मोकळं करायला हातभार लावायचा. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. टेस्टिंग करणं आपलं काम नाही, असं एक अनुभवी डेव्हलपर सगळ्यांसमोर म्हणाला. शेवटी नाइलाजानं तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि रिग्रेशनची यादी (नव्या बदलानं जुनं काही बिघडलं नाही ना, ते बघायच्या तपासण्या) स्वतः हातानं चालवू लागला. प्रत्येक केससाठी टेस्टचा नवा युजर तयार करायचा, त्याला परवानग्या द्यायच्या, मग लॉगिन करून सहा स्क्रीन ओलांडायचे, तेव्हा कुठे मूळ तपासणी. सहाव्या केसला तो थांबला आणि म्हणाला, “तुम्ही हे रोज करता?” दुसऱ्या दिवशी त्यानं युजर तयार करून देणारी स्क्रिप्ट लिहून दिली. दोन वर्षं ती मागत होती. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे त्याला बोर्डवर कधी दिसलं नव्हतं, शेजारी बसल्यावर दिसलं.

आणि त्यांनी बंद काय केलं? प्रत्येकाच्या नावावर नेहमी काहीतरी काम चालू दिसलंच पाहिजे, हा आग्रह. तिच्या मते सगळ्यात अवघड तेच होतं, कारण कुणी मोकळा बसलेला दिसला की मॅनेजरला चैन पडायचं नाही.

चालू कामांवर मर्यादा घालण्याची ही पद्धत कानबानची. तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यांत आहे. मर्यादेनं वेग का वाढतो, हे कागदावर करून बघा. बोर्डवर चालू कामं 20 आहेत आणि टीम आठवड्याला सरासरी 5 पूर्ण करते, तर एक काम आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी 4 आठवडे लागणार. पूर्ण करण्याचा वेग तोच ठेवून चालू कामं 10 वर आणली तर 2 आठवडे. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी तो 1961 मध्ये सिद्ध केला. मी आमच्या टीम लीडना हे गणित एका कागदावर मांडून दाखवलं, आणि खरं सांगते, अकरा पानांच्या वहीनं झालं नव्हतं ते त्या कागदानं झालं.

मोठ्या आकड्यांना भुलू नका. ‘आमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले स्टोरी पॉइंट) दुप्पट झाली’ असं कुणी सांगितलं, तर लोकांच्या हातात नवं काही किती दिवसांनी पडतं ते विचारा. स्टोरी पॉइंट हे त्या त्या टीमचं आपसातलं माप असतं. कालपर्यंत ज्याला 3 म्हणत होतो त्याला आज 5 म्हटलं की आकडा वाढतो, काम तेवढंच राहतं. नामांकित कंपन्यांची रचना जशीच्या तशी उचलणाऱ्यांचंही तसंच. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीतल्या स्क्वॉड (छोट्या टीम) आणि ट्राइब (अशा टीमचे गट) यांची रचना सांगणारा लेख 2012 मध्ये आला आणि कितीतरी जणांनी ती नावं उचलली. तो लेखच म्हणतो की हे आमच्या चालू प्रवासातलं एका क्षणाचं चित्र आहे. म्हणून टीम केवढी होती, कामांचा क्रम कोण ठरवत होतं, कोड लिहिल्यापासून तो रिलीज होईपर्यंत किती जणांच्या सह्या लागत होत्या, हे विचारा. तुमच्याशी जुळणारं उत्तर एखादं जरी मिळालं, तरी त्या माणसाशी ओळख ठेवा.

काही मीटअप ओपन स्पेस पद्धतीनं चालतात. तिथे विषय आलेले लोकच जागच्या जागी ठरवतात. हॅरिसन ओवेन यांनी ती पद्धत 1985 मध्ये सुरू केली. तिथे दोन पायांचा नियम असतो : जिथे आपण शिकतही नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जायचं. नवख्यांना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. निर्धास्त उठा, तिथे त्याला कुणी उद्धटपणा समजत नाही.

वर्षभर ऐकल्यावर बोलायचीही वेळ येईल. आधी मॅनेजरची परवानगी घ्या. बोर्डचा फोटो दाखवणार असाल तर कार्डांवरचा मजकूर झाका. नुसत्या शीर्षकावरूनही ग्राहक कोण ते कळतं. दहा मिनिटांत एकच बदल सांगा, आणि जे जमलं नाही तेही सांगा.

माझ्या पहिल्या बोलण्याला मी हेच केलं. आमच्या रकान्यावरच्या आकड्याबद्दल बोलले, ते लिटलच्या गणिताचं पानही दाखवलं. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. ती पहिल्यांदाच आली होती. तिनं विचारलं, “मग तुम्ही बंद काय केलंत?” संध्याकाळचा स्टेटस मेल गेला, एक्सेल शीट गेली, हे मी सांगितलं. मग तिला हेही सांगितलं की आठवड्याची रिव्ह्यू मीटिंग अजून चालू आहे, मी ती बंद करायला दोनदा सुचवलंय, दोन्ही वेळा नकार आलाय, आणि पुढच्या तिमाहीत तिसऱ्यांदा सुचवणार आहे. तिनं ते वहीत लिहून घेतलं.