इसाबेल डलहौसीच्या रहस्यकथा कशा वाचाव्यात

ज्यांची रहस्यकथांशी ओळख बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून झाली, त्यांनी अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची इसाबेल डलहौसी मालिका हाती घेताना गुन्हेगार ओळखण्याची घाई बाजूला ठेवावी. या पुस्तकांत पाठलाग आणि पिस्तुले नाहीत, आणि कधीकधी तर मुळात गुन्हा घडला होता का, याचाच उलगडा करण्यात निम्मे पुस्तक सरते. इसाबेल ही एडिंबरा शहरात राहणारी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली तत्त्वज्ञ असून ‘रिव्ह्यू ऑफ अप्लाइड एथिक्स’ या नियतकालिकाचे संपादन करते. तिचे आडनाव वाचताच 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल मराठी वाचकाला आठवणारच. तोही एडिंबराजवळच्याच डलहौसी किल्ल्यात जन्मलेला होता, पण त्याचा राग या बाईंवर काढण्याचे कारण नाही.

सुरुवात 2004 सालच्या ‘द संडे फिलॉसॉफी क्लब’ या पहिल्याच पुस्तकापासून करावी. प्रत्येक पुस्तकातील प्रकरण स्वतंत्र असल्यामुळे मधले कोणतेही पुस्तक उचलले तरी चालेल असा सल्ला पुष्कळदा दिला जातो, परंतु तो मला पटत नाही. तपास स्वतंत्र असले तरी इसाबेलचे खासगी आयुष्य पुस्तकागणिक पुढे सरकत जाते, आणि भाची कॅट, कॅटचा पूर्वीचा मित्र जेमी व घरकाम सांभाळणारी स्पष्टवक्ती ग्रेस यांच्याशी तिचे नाते कसे बदलते, हे क्रमाने वाचण्यातच खरी गोडी आहे. म्हणून पुढच्या पुस्तकांची मलपृष्ठेसुद्धा आधी वाचू नयेत. खरेदी करताना आणखी एक काळजी घ्यावी. ब्रिटनमध्ये ‘द कम्फर्ट ऑफ सॅटर्डेज’ या नावाने निघालेले पाचवे पुस्तक अमेरिकेत ‘द कम्फर्ट्स ऑफ अ मडी सॅटर्डे’ म्हणून प्रसिद्ध झाले असल्याने एकच पुस्तक दोनदा विकत घेतले जाण्याची शक्यता आहे.

पहिल्या पुस्तकाचे आरंभीचे दृश्य मात्र एकदा वाचून पुढे जाण्याजोगे नाही. अशर हॉलमधील संगीताचा कार्यक्रम संपल्यानंतर सर्वांत वरच्या बाल्कनीतून एक तरुण खाली कोसळतो, आणि त्याचा क्षणभर दिसलेला चेहरा इसाबेलच्या मनातून जात नाही. त्याने शेवटचा पाहिलेला चेहरा कदाचित आपलाच असेल, आणि तसे असेल तर त्या अनोळखी माणसाचे आपण काही देणे लागतो, असे तिला वाटू लागते. या ‘नैतिक सान्निध्या’वर, म्हणजे जो माणूस कोणत्याही कारणाने आपल्या वाटेत आला त्याच्याविषयी आपले कर्तव्य निर्माण होते या विचारावर, पुढचे बहुतेक तपास उभे आहेत. इसाबेल विनाकारण दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसते असे जेमीला वाटते, आणि अनेकदा वाचकालाही वाटते. तसे वाटले तर ते दडपू नये, कारण चौकसपणा आणि कर्तव्य यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठे आहे हाच तर वादाचा विषय आहे.

हे दृश्य वाचून झाल्यावर डब्ल्यू. एच. ऑडन यांची ‘म्युझे दे बोझार’ ही 1938 मधील कविता अवश्य वाचावी. ऑडन हा इसाबेलचा आवडता कवी आहे, आणि मॅकॉल स्मिथ यांनीही 2013 मध्ये त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. या कवितेत ग्रीक पुराणकथेतला, मेणाचे पंख लावून उडालेला इकॅरस आकाशातून समुद्रात पडतो, पण शेतकरी नांगर थांबवत नाही आणि जहाज आपल्या वाटेने निघून जाते. पडणाऱ्याला पाहूनही पुढे निघून जाणे जिला जमत नाही अशी बाई म्हणून इसाबेलकडे पाहिले, म्हणजे तिचा आगाऊपणा थोडा वेगळा दिसू लागतो.

वाचनाचा वेग बेताचा असावा. एका बैठकीत दोन प्रकरणे पुरेशी आहेत. दुकानात चीज निवडताना किंवा बागेत येणाऱ्या ‘ब्रदर फॉक्स’ या कोल्ह्याकडे पाहताना इसाबेलचे मन जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून ह्यूमपर्यंत भटकून येते, आणि उतावळा वाचक नेमकी हीच पाने गाळतो. त्यासाठी तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागत नाही. डेव्हिड ह्यूम (1711–1776) हा याच शहराचा सुपुत्र होता आणि नीतीचे मूळ त्याने बुद्धीपेक्षा भावनेत शोधले, एवढे ठाऊक असले तरी पुरते. शहराचा नकाशा मात्र जवळ ठेवावा. इसाबेलचे घर जेथे आहे ते मर्चिस्टन, कॅटचे खाद्यपदार्थांचे दुकान जेथे आहे ते ब्रंट्सफील्ड आणि मेडोजचे मैदान ही सारी ठिकाणे खरी व पायी फिरण्याजोग्या अंतरावर आहेत, आणि इसाबेलचे बरेचसे चिंतन चालता चालताच घडते.

उणिवाही आहेत. आईकडून मिळालेल्या संपत्तीमुळे इसाबेलला पोटापाण्याची चिंता नाही, आणि तिचे एडिंबरा हे बव्हंशी सुखवस्तूंचे आहे. तिसऱ्या पुस्तकात तर रहस्य नावापुरतेच आहे. तेथे कंटाळा आला तर पुस्तक मिटू नये, ते कौटुंबिक कादंबरी म्हणून वाचावे. जेमी वाजवतो ते बासून हे सुषिर वाद्य मॅकॉल स्मिथ स्वतःही ‘रिअली टेरिबल ऑर्केस्ट्रा’ या हौशी वाद्यवृंदात वाजवतात, हे कळल्यावर त्या तालमींच्या वर्णनांतला मिश्कीलपणा अधिक जाणवतो.

चारचौघांनी मिळून वाचायचे असल्यास पहिल्या पुस्तकातील आणखी एक पेच चर्चेला घ्यावा. कॅटचा मित्र टोबी तिला फसवत असल्याचे इसाबेलला कळते. तिने ते भाचीला सांगावे की नाही? प्रत्येकाने आपले उत्तर कारणांसह आधी कागदावर लिहावे आणि त्यानंतरच पुढची प्रकरणे वाचावीत. बैठकीची तारीखही तेव्हाच ठरवून टाकावी, कारण पुस्तकाला नाव देणारा तो रविवारचा तत्त्वज्ञान क्लब सदस्यांच्या सवडीअभावी कधी भरतच नाही.