डॉपलरची, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीची, अपॉइंटमेंट नक्की किती मिनिटांची द्यायची?

आमच्या सेंटरला आधी सरसकट १५ मिनिटांचा स्लॉट होता. पोटाच्या सोनोग्राफीचं रजिस्टर होतं तेच डॉपलरला पुढे चालवलेलं, त्यामुळे ११ वाजले की काउंटरवर माझ्यासमोर भांडणं सुरू, "मॅडम माझा नंबर ९:३० चा होता ना". चूक डॉक्टरांची नव्हती, रजिस्टरचीच होती.

पहिलं काम फोनवरच करायचं. चिठ्ठीवर नुसतं "दोन्ही पायांचं डॉपलर" लिहिलेलं असतं, पण शीर की धमनी ते लिहिलेलंच नसतं, आणि वेळेचं सगळं गणित तिथेच चुकतं. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, कळत नसेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना तेव्हाच फोन करा, पेशंट आल्यावर नको. सोबत विचारून घ्या की एक पाय की दोन, चालता येतं का, जखमेवर ड्रेसिंग आहे का. डायलिसिसच्या पेशंटला फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडलेली असते ती जागा) बघायचा असेल तर डायलिसिसचा वार विचारा आणि मधल्या दिवसाची वेळ द्या.

आता मिनिटं. एका पायात गुठळी आहे का एवढंच बघायचं तर २० पुरतात, शीर दाबत दाबत खाली जायचं असतं. मानेतल्या कॅरोटिडला, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला, ३० धरा, फिस्टुलालाही तेवढीच. दोन्ही पायांच्या धमन्यांना ४५, ब्लॉक सापडला तर त्याहून जास्त. व्हेरिकोजलाही (पायाच्या फुगलेल्या शिरा) दोन्ही पायांना ४५, कारण तिथे पेशंटला उभं करून पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ येतं ते प्रत्येक जागी बघायचं. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाच्या वर उलटं आलं की झडप खराब. उभ्याउभ्या चक्कर येते काहींना, म्हणून मावशी शेजारी पाहिजेच. किडनीच्या धमन्यांचं उपाशीपोटी असतं म्हणून सकाळी, आणि शुगरवाला पेशंट असेल तर पहिलाच नंबर, त्याला ११ पर्यंत उपाशी ताटकळत ठेवायचं नाही.

हे आकडे डोळे झाकून घेऊ नका, दोन आठवडे स्वतः वही ठेवा. पेशंट आत कधी आला, प्रोब (अंगावर फिरवायचं मशीनचं टोक) कधी लावला, कधी उचलला, बाहेर कधी गेला, चारच वेळा लिहायच्या. आम्ही लिहिलं तेव्हा एका नऊवारीतल्या आजींचं कळलं, स्कॅन आटोपशीर झालं होतं पण पायातले मोजे, क्रेप बँडेज, पलंगावर चढणं आणि शेवटी जेल पुसून परत सगळं बांधणं यातच १५ मिनिटं गेली आणि डॉक्टर तेवढा वेळ भिंतीला टेकून उभे! मग पडद्यामागे दुसरी कॉट टाकली. एकाचं चालू असताना मावशी पुढच्याला तयार करते, बँडेज तिकडेच सुटतं आणि तिकडेच बांधलं जातं. आपल्याकडे पीसीपीएनडीटीमुळे, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यामुळे, प्रोब डॉक्टरच्याच हातात, टेक्निशियनला सोपवता येत नाही, म्हणजे वाचवायचा वेळ तो डॉक्टरांचाच.

स्टाफचं काम मोजताना डोकी मोजू नका हो. आमच्याकडे यावरून दोन डॉक्टरांत धुसफूस झालेली, एकाचे १२ पेशंट आणि एकीचे ६. बघितलं तर त्याचे बाराही एका पायाच्या गुठळीचे, म्हणजे २४० मिनिटं, आणि तिचे ४ व्हेरिकोज, २ कॅरोटिड, म्हणजे १८० अधिक ६०, तेही २४०च. तेव्हापासून महिन्याच्या तक्त्यात मिनिटं लिहितो. रिपोर्ट टायपिंगची वेळ वेगळी धरा, नाहीतर सगळा उशीर टायपिस्टच्या नावावर जातो.

सकाळी एक आणि दुपारी एक असा २० मिनिटांचा स्लॉट रिकामा ठेवा. अचानक एकच पाय सुजलेला पेशंट येतोच, गुठळी फुप्फुसात जायची भीती असते, त्याला उद्या या म्हणता येत नाही. मालक म्हणतील रिकामा कशाला. कोणी नाही आलं तर वॉर्डातला पेशंट घ्या, वॉर्डात कोणीतरी असतंच.

आणि व्हेरिकोज लागोपाठ तीन लावू नका. वाकून वाकून डॉक्टरांचा खांदा धरतो, चौथ्याला वेळ आपोआप वाढतो. मी मध्ये एक कॅरोटिड टाकते, ते डॉक्टरांना बसून करता येतं, आणि त्यानंतर चहा.