घाट उतरणाऱ्या जुन्या सायकलचे ब्रेक

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची २६ इंची माउंटन बाइक माझ्या वाट्याला आली. जूनमधल्या एका रविवारी चोर्ला घाटातून गोव्यातल्या केरीकडे उतरत होते. वळणावर चार म्हशी रस्त्यातच बसलेल्या. दोन्ही लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबले तरी सायकल आपली चाललीच आहे. शेवटी चप्पल घासत दरडीच्या चिखलात शिरले. म्हशी उठल्यासुद्धा नाहीत.

एका दुकानदाराने लगेच डिस्क ब्रेक सुचवले. पण त्यासाठी फोर्कवर आणि फ्रेमवर कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा चिमटा, बसवायची जागा लागते, हब म्हणजे चाकांचे मधले तुंबेही डिस्कचेच लागतात. म्हणजे दोन्ही चाकं नवी. एवढ्या पैशांत दुसरी सायकल येईल. शिवाय माझ्या सायकलवर होते ते व्ही-ब्रेक, म्हणजे दोन उभ्या हातांनी रिमच्या दोन्ही बाजूंना रबर दाबणारे. शिमानोने ते १९९६ साली आणले आणि चांगल्या माउंटन बाइकवर अनेक वर्षं तेच असायचे. दोष ब्रेकच्या जातीत नव्हता. चार वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, एवढंच.

पैसे काढण्याआधी एक काम करा. फ्रिजवरचं चुंबक काढून रिमला लावा. चिकटलं तर रिम लोखंडी आहे, आणि ओल्या लोखंडी रिमवर कुठलंही महाग रबर फार काही करू शकत नाही. तिथे आधी ॲल्युमिनियमच्या रिमचं पुढचं चाक घ्या. जोर लावून थांबताना सगळा भार पुढे येतो, म्हणून खरं थांबवतं ते पुढचंच चाक. पैसे कमी असतील तर पुढच्यावरच खर्च करा. चुंबक पडलं तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. कड आत खोलगट लागली तर रिम झिजून पातळ झाली आहे, ती बदलायलाच हवी. आमच्याकडचा तांबडा चिखल रिमवर पॉलिश पेपरसारखा काम करतो.

मग सफाई. मी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे स्पिरिट ओळखीचं. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रिम पुसली तर कापड काळं झालं, मग तांबडं, मग पुन्हा काळं. साखळीला मारायचा तेलाचा स्प्रे रिमजवळ नेऊ नका. जुन्या रबरात चमकणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, ते टाचणीने उकरून काढा. माझं रबर तर काचेसारखं कडक झालं होतं, सरळ टाकून दिलं.

नवे शू, म्हणजे रिमवर दाबले जाणारे ब्रेकचे रबरी ठोकळे, घेताना कार्ट्रिज पद्धतीचे घ्या: धातूचा सांगाडा कायम राहतो, आतलं रबर सरकवून बदलता येतं. मी कूल-स्टॉपचं नारिंगी छटेचं रबर घेतलं, ते ओल्या रस्त्यासाठीच आहे. सांगाड्याचं बंद टोक पुढच्या बाजूला हवं. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताना रबर बाहेर सरकू शकतं.

बसवायला बहुतेक सगळीकडे ५ मिमीची एकच ॲलन की पुरते. रबर टायरला लागता कामा नये, टायर फाटतो. रिमच्या खालीही लोंबता कामा नये, नाहीतर आऱ्यांत घुसेल. शूबरोबर जाड आणि पातळ वाट्या, म्हणजे वाटीच्या आकाराचे वॉशर, येतात. रबर रिमला टेकलं की ब्रेकचे दोन्ही हात जवळजवळ उभे दिसतील अशा बेताने त्यांची अदलाबदल करा. पुढचं टोक रिमला आधी लागावं म्हणून मागच्या टोकाखाली एक व्हिजिटिंग कार्ड धरून नट आवळा. पहिल्यांदा मी हे केलं नव्हतं. सकाळी पोदेर पाव देता देता म्हणाला, "बाय, तुजी सायकल रडटा गो!" कार्ड लावून पुन्हा आवळलं आणि रडणं थांबलं.

पण मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो वायरचा, आणि लोक नेमकी तीच सोडतात. लिव्हर दाबताना जोर जर गंजलेल्या आउटरमध्येच, म्हणजे वायरवरच्या नळीतच, खर्च झाला तर रिमपर्यंत काय पोचणार? आतली वायर स्टेनलेस स्टीलची, १.६ मिमीची घ्या. बाहेरचं आउटर ब्रेकचंच, ५ मिमीचं. गिअरचं आउटर ब्रेकला कधीच लावू नका. जोराने दाबल्यावर ते फुटू शकतं. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतली दबलेली नळी दाभणाने मोकळी करा आणि टोप्या बसवा. ब्रेकजवळची वाकडी नळी, जिला नूडल म्हणतात, तीही बदला. माझ्या नूडलमधून वाळलेला चिखल निघाला, पुडीतून तपकीर सांडावी तसा. आउटरमध्ये खोबरेल ओतायचा सल्ला हमखास मिळेल. ओतू नका, डिसेंबरच्या पहाटे केरीत ते थिजतं.

लिव्हर प्लास्टिकचे असतील आणि दाबताना वाकत असतील तर ॲल्युमिनियमचे घ्या, पण व्ही-ब्रेकसाठी असलेलेच. जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचे लिव्हर वायर कमी ओढतात. रबर रिमजवळ आणून ठेवावं लागतं आणि लिव्हर तरीही मुठीपर्यंत जातो.

शेवटी जुळवणी. रबर रिमपासून दोन्हीकडे एक-दोन मिमी दूर हवं. एक बाजू घासत असेल तर त्या हाताच्या तळाचा छोटा स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. स्प्रिंग ताणली जाऊन तो हात दूर सरकतो. मग सायकल उभी करून दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबा. वायर सैल पडेल, पुन्हा ओढून आवळा. पंक्चरसाठी चाक काढलं असेल तर नूडल परत आपल्या खाचेत बसली का, ते निघण्याआधी हाताने चाचपा. मी एकदा विसरले होते, सुदैवाने अंगणातच कळलं.

नवं रबर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा दाबून रिमशी बसवून घ्या. पावसात मात्र पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो. म्हणून घाटात वळण दिसायच्या आधीपासून मी लिव्हर हलकेच दाबून ठेवते, आणि अंजुण्याचं धरण दिसेपर्यंत बोटं त्यावरून काढत नाही.