निळ्या-पांढऱ्या जुन्या इंग्रजी किटलीची पारख

विलो नक्षीची, म्हणजे विलोचं झाड, पूल आणि दोन पक्षी असलेली किटली हाती आली की आधी तिचं बूड पाहा. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे ‘इंग्लंड’ एवढंच लिहिलेलं असेल तर किटली बहुधा त्यानंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. मात्र शिक्का नसला म्हणून ती नकली ठरत नाही.

मग नक्षीची किनार न्याहाळा. ही चित्रं हातानं काढलेली नसत. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर छापून तो कागद भांड्यावर चिकटवत. म्हणून कानाजवळ किंवा तोटीखाली कुठेतरी जोड चुकलेला दिसतोच. मला तर तोच जास्त आवडतो!

मडक्यासारखी हीदेखील वाजवून घ्या. मातीची असल्यानं चिनी मातीइतकी खणखणणार नाही, पण अगदीच बद्द आवाज आला तर तडा शोधा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. डिशवॉशर नकोच. डाग घालवायला ब्लीचही नको. झिलईच्या बारीक तड्यांतून ते आतल्या सच्छिद्र मातीत शिरतं आणि पुढे झिलईचे पापुद्रे सुटतात. उचलताना कान धरू नका, बुडाखाली हात द्या. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, तेव्हा चहा दुसऱ्या किटलीत करा.