दारू सोडण्यासाठी मीटिंग शोधताय? या चुका टाळा

मीटिंगला जाऊन कंटाळला म्हणून कुणी दारूकडे परत गेला, असं आपण सहज बोलून जातो. मला वाटतं, खरी गळती त्याच्या आधीच होते. माणूस दारापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो ते भलत्याच दारात.

पहिली चूक पत्त्याची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. तिच्या बहुतेक गटांची स्वतःची इमारत नसते. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाचा हॉल, अशी कुठलीतरी जागा तासा-दीड तासापुरती घेतलेली असते. बाहेर मोठी पाटी लागत नाही. सुट्टीत जागा बदलते, कधी वेळ बदलते, आणि इंटरनेटवरच्या जुन्या यादीत मात्र तीच वेळ वर्षानुवर्षं पडून असते. तेव्हा पत्ता संस्थेच्या अधिकृत यादीतूनच घ्या आणि निघण्याआधी फोन करा. काय बोलावं सुचत नसेल तर एवढं पुरे: ‘मला दारू सोडायची आहे, पहिल्यांदाच येतोय. आज मीटिंग आहे ना? ओपन की क्लोज्ड? आत यायचं कुठल्या दारानं?’ शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण अंधारात दोन बंद दरवाजे ढकलून परत फिरलेला माणूस पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

ओपन-क्लोज्डचा घोळ घरच्यांना जास्त भोवतो. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःला पिणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठी. नवऱ्याला घेऊन आलेल्या बायकोला तिथे बाहेर थांबावं लागलं, तर तो अपमान नव्हे, नियम आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. एएचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी इतरांसोबत ही संघटना 1951 मध्ये उभी केली. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जायला हरकत नाही.

आता फोनबद्दल आणखी एक. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा ‘मोफत हेल्पलाइन’चा नंबर बरेचदा खासगी उपचार केंद्राची जाहिरात असतो. एएला फी नाही, नावनोंदणी नाही. मीटिंगमध्ये टोपी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य मनाला येईल ते टाकतात. नवख्यानं काही टाकायची गरज नसते. पलीकडचा आवाज विम्याचे तपशील किंवा कार्ड नंबर विचारू लागला, की समजा, हा मीटिंगचा फोन नव्हे.

‘आधी सोडतो, मग जातो.’ ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि तीही दोन्ही बाजूंनी. एक तर एएची सदस्यत्वाची अट एकच आहे: पिणं थांबवायची इच्छा. सोडून येण्याची अट नाही. पिऊन गेलात तर बहुधा ‘आज बोलू नका, नुसतं ऐका’ एवढंच सांगतील. (गाडी मात्र स्वतः चालवत जाऊ नका.) दुसरी बाजू जिवावरची आहे. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक, एकट्यानं बंद केलं, तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, गोंधळ, ताप अशी अवस्था येऊ शकते, आणि ती जीव घेऊ शकते. अशा माणसानं बंद करण्याआधी डॉक्टर गाठायचा. फिट किंवा भास सुरू झाले असतील तर मीटिंग नाही, थेट हॉस्पिटल. मीटिंग हा औषधोपचार नाही. तिथल्या कुणी ‘गोळ्या बंद कर’ सांगितलं तरी ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं एएच्याच साहित्यात लिहिलेलं आहे.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. प्रत्येक गट स्वतःचा कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे एकीकडे पुस्तक वाचतात, दुसरीकडे एकच वक्ता तासभर बोलतो, तिसरीकडे सगळे आळीपाळीनं शेअरिंग करतात. फक्त महिलांच्या, फक्त नवख्यांच्या मीटिंगही असतात. चार-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघा. एएतल्या देवाच्या उल्लेखानं अडत असाल तर 1994 मध्ये सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी हे मदत-गटांचं वेगळं जाळं बघा. तिथे एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्या नाहीत, विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धतींवर भर असतो.

ऑनलाइन मीटिंगला जाताना दोन गोष्टी विसरल्या जातात. वेळ कुठल्या देशाची लिहिली आहे ते बघा. आणि आत शिरण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदला, नाहीतर ऑफिसच्या खात्यावरचं पूर्ण नाव-आडनाव सगळ्यांना दिसतं. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं.

शेवटच्या रांगेत बसून, संपताक्षणी सटकणं हेही टाळा. दहा मिनिटं आधी जा, खुर्च्या मांडणाऱ्याला हात द्या, ‘मी नवीन आहे’ म्हणा. निघताना दोन-तीन फोन नंबर घ्या. स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, ठरवायची घाई नको. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई स्पॉन्सर निवडायची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मदतीच्या नावाखाली कुणी पैसे मागू लागलं किंवा नको तितकी जवळीक दाखवू लागलं, तर सरळ नाही म्हणा, गटातल्या जुन्या सदस्याच्या कानावर घाला आणि दुसरा गट धरा.