सिकलसेलच्या दुखण्यावर मॉर्फिन, ट्रॅमाडॉल सुरू असताना घरच्यांनी काय पाहावे

पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतून सिकलसेलचा रुग्ण कळा असह्य झाल्यावर नाशिकला आणला जातो, तेव्हा सोबतचे नातेवाईक बहुधा हेच विचारतात की या औषधाची सवय तर लागणार नाही ना. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांना रक्त मिळेनासे होते. अशा जबर दुखण्यापुढे पॅरासिटामॉलचे काही चालत नाही आणि मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध हाच योग्य उपचार ठरतो. रुग्ण पोहोचल्यापासून तासाभरात पहिला डोस मिळावा आणि पुढे दर अर्ध्या ते एक तासाने दुखणे पुन्हा तपासले जावे, असा वैद्यकीय संकेत आहे.

निघताना सिकलसेलचे कार्ड, मागच्या वेळचा डिस्चार्ज कागद आणि एक वही सोबत घ्यावी. वहीत ‘पहाटे ४, दोन्ही मांड्या, दुखणे दहापैकी ९, गोळी दिली, ५ वाजता ७’ अशा नोंदी असाव्यात, कारण हे दुखणे एक्स-रेत दिसतेच असे नाही आणि लहानपणापासून कळा सोसलेला माणूस ओरडतही नाही. ‘मोबाइल बघतोय, म्हणजे नाटक करतोय’ हे वाक्य मी एका कॅज्युअल्टीत स्वतः ऐकले आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा वही पुढे करणे बरे.

रुग्णाला पूर्वी फिट आली असेल तर ते आधीच सांगावे, कारण ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय औषधाने फिट येण्याची शक्यता वाढते. बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल किंवा कोडीन (तेही अफूवर्गीयच) घरच्या घरी कधीही देऊ नये. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी ‘साधी’ वाटते, परंतु सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच नाजूक असल्याने तीही विचारूनच घ्यावी.

मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्यावे. आपल्याकडे लगेच इसबगोल काढले जाते, पण पाणी कमी प्यायल्यास त्याने मळ आणखी अडकतो. खाज सुटली तर डॉक्टरांना कळवावे, आपल्या मनाने ॲलर्जीची झोप आणणारी गोळी देऊ नये, कारण दोन्ही औषधांची गुंगी मिळून वाढते, दारूचेही तेच.

सर्वांत जास्त लक्ष श्वासाकडे हवे. रुग्ण झोपला असताना छातीवर नजर ठेवून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे श्वास दहापेक्षा कमी भरले, ओठ निळसर दिसले किंवा हाक मारून, हलवूनही तो नीट जागा होत नसेल, तर पुढचा डोस न देता त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. रुग्णालयात यावर नॅलोक्सोन हा उतारा असतो. उलट, बरगड्या दुखत असताना औषध टाळले तर रुग्ण वरवर श्वास घेतो, फुप्फुसांच्या तळाशी हवा पोहोचत नाही आणि छातीचा गंभीर आजार उद्भवू शकतो. त्यासाठी जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावावेत. फुप्फुसाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र असेल तर उत्तमच. ताप, खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास घरी थांबू नये.

आता सवयीविषयी. बरेच दिवस घेतलेले औषध अचानक थांबवल्यावर घाम, जांभया, जुलाब सुरू होतात, पण तेवढ्यावरून व्यसन लागले असे ठरत नाही. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतात. दुखणे नसतानाही औषधाची ओढ लागणे आणि ते लपवून घेणे ही वेगळी गोष्ट असून तीही न लाजता सांगावी. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात, शेजारच्या रुग्णाला देऊ नयेत.

वहीत वर्षभरात दुखण्याचे तीन किंवा अधिक मोठे झटके नोंदलेले दिसले, तर पुढच्या तपासणीत ती पाने दाखवून असे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करता येईल का, असे विचारावे.