अडकलेली प्रिंटची रांग मोकळी कशी करावी

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांवर धोट्यात बसणाऱ्या कांड्या आधीच भरून ठेवतात, म्हणजे माग चालू असताना सुतासाठी खोळंबत नाही. संगणकात प्रिंटचे काम सांभाळणाऱ्या ‘स्पूलर’चे कामही असेच आहे, आणि इंग्रजीत ‘स्पूल’ म्हणजे सुताचे रीळ.

प्रिंटची आज्ञा दिल्यावर मजकूर सहसा थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोज तो आधी हार्ड डिस्कवर ‘एसपीएल’ प्रकारच्या फाइलमध्ये उतरवते, त्या कामाची माहिती ‘एसएचडी’ फाइलमध्ये ठेवते आणि मग प्रिंटरला झेपेल त्या वेगाने पाने पुढे सरकवते. ही साठवण रॅममध्ये, म्हणजे संगणक बंद होताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत नसून डिस्कवर असल्यामुळे संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी बिघडलेले काम रांगेत तसेच उभे राहते. म्हणूनच प्रिंट येत नाही असे पाहून पुन्हा पुन्हा प्रिंटचे बटण दाबू नये. त्याने रांग फक्त लांबते.

प्रथम रांगेच्या खिडकीतून ते काम रद्द करून पाहावे. ते ‘डिलीटिंग’वरच अडकले, तर प्रिंटर बंद करावा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेमरीतील अर्धवट पानही पुसले जाते. मग स्टार्टमधून ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यातील सिस्टिम३२, त्यातील स्पूल आणि शेवटी प्रिंटर्स या फोल्डरपर्यंत जाऊन आतील फाइली काढाव्यात. फोल्डर मात्र राहू द्यावा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. त्यानंतर स्पूलर आणि प्रिंटर पुन्हा चालू करावेत.

मूळ दस्तऐवजाला यात धक्का लागत नाही, पण रांगेतील सर्वच कामे जातात. त्यामुळे कोर्टाजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकावरून अनेकांच्या प्रिंट निघत असतील, तर कोणाचे काय बाकी आहे हे आधी लिहून घ्यावे.

मोठी पीडीएफ अडखळत छापली जात असेल, तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात शेवटचे पान स्पूल झाल्यावर छपाई सुरू करण्याचा पर्याय निवडावा. पहिले पान थोडे उशिरा येईल, पण छपाई मध्ये थांबण्याची शक्यता कमी होईल. तेथेच ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’समोर खूण नाही ना, हे अवश्य पाहावे, ती असल्यास गिऱ्हाइकाचे आधार कार्ड किंवा खरेदीखत छापून झाल्यावरही त्या रांगेत राहते, आणि दुसरे कोणी ते पुन्हा छापून घेऊ शकते.